मुठेचे पाणी, मुठेची जागा

शहरातून वाहणाऱ्या नदीच्या दुरवस्थेची चर्चा होते तेव्हा दोन तक्रारी वेगवेगळ्या मांडल्या जातात. नदीचे पाणी घाण झाले ही पहिली, आणि नदीकाठची झाडे, मासे व पक्षी नाहीसे झाले ही दुसरी. पहिल्या तक्रारीवर मैलापाणी शुद्धीकरणाचे प्रकल्प आणि दुसरीवर वृक्षारोपण व उद्याने असे उपाय सुचवले जातात. त्यांची खाती वेगळी, अंदाजपत्रकातील तरतुदी वेगळ्या आणि तज्ज्ञही वेगळे असतात. पुण्यातील मुठा नदीची, त्यातही वारजे ते म्हात्रे पूल यांच्या दरम्यान कर्वेनगरला लागून वाहणाऱ्या पट्ट्याची स्थिती बारकाईने पाहिली, तर ही विभागणी टिकत नाही. नदीचे वाहते पाणी वरच्या वर काढून घेणे आणि पाणी नाही म्हणून मोकळ्या दिसणाऱ्या तिच्या जमिनीवर हक्क सांगणे, या एकमेकींना बळ देणाऱ्या दोन कृतींतून प्रदूषणही जन्मते आणि अधिवासांचा नाशही होतो. तसे असेल तर नदीसुधारणेची कोणतीही योजना केवळ काठाच्या अरुंद पट्टीपुरती आखून यशस्वी होणार नाही. तिचे एकक संपूर्ण पाणलोट क्षेत्र हेच असावे लागेल, आणि तिचे यश नदीला किती पाणी व किती जागा परत मिळाली यावरून मोजावे लागेल.

पाणलोट क्षेत्र म्हणजे ज्या भूभागावर पडलेल्या पावसाचे पाणी उताराने एकाच प्रवाहाकडे येते तो सगळा भूभाग. मुठेच्या बाबतीत हा भूभाग सह्याद्रीच्या माथ्यापासून सुरू होतो. मुठेवर टेमघर, मोसे नदीवर वरसगाव आणि आंबी नदीवर पानशेत अशी तीन धरणे आहेत आणि या तिन्ही प्रवाहांचे पाणी खडकवासल्याच्या जलाशयात एकत्र येते. तेथून खाली नदी एका बाजूने शिवणे, उत्तमनगर, वारजे व कर्वेनगर आणि दुसऱ्या बाजूने नांदेड, वडगाव, हिंगणे खुर्द व विठ्ठलवाडी यांच्यामधून वाहत शहराच्या मध्यभागी येते आणि संगमाजवळ मुळेला मिळते. मुळा-मुठा पुढे भीमेला, भीमा उजनीच्या जलाशयाला आणि अखेर कृष्णेला मिळते. कर्वेनगरच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर पडलेल्या पावसाचे पाणी आणि त्याच सोसायटीच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडलेले सांडपाणी सोलापूर जिल्ह्यापर्यंत पोहोचते, ही भूगोलातील साधी बाब शहराच्या नियोजनात मात्र कोठेही उमटत नाही.

कर्वेनगर हे या पाणलोटातील बदलाचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. हा भाग म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. नदीपलीकडचे ते हिंगणे खुर्द. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्यास आला तेव्हा हे पुणे शहरापासून दूर असलेले खेडे होते, आणि समाजाचा रोष पत्करून चालणाऱ्या कार्याला शहराबाहेरचा तो निवांतपणा उपयोगी पडला. पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागलेला हा परिसर आज इमारतींनी दाटला आहे. उत्तरेकडच्या कोथरूड व वारज्याच्या टेकड्यांचे उतार आणि दक्षिणेकडचे नदीपात्र यांच्यामध्ये तो पसरला असल्यामुळे टेकडीवरून निघून नदीला मिळणारे ओढे त्याच्या पोटातूनच जातात. पाणलोटाचा माथा, उतार आणि तळ हे तिन्ही घटक येथे थोड्या अंतरात एकत्र सापडतात, आणि म्हणूनच एका घटकावर केलेल्या आघाताचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो हे येथे स्पष्ट दिसते.

प्रथम पाण्याचा विचार करावा. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पूर्ण झाले आणि पुढे त्याच्या वरच्या अंगाला आणखी तीन धरणे उभी राहिली. या चार धरणांचा उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट आहे. हे पाणी पुण्याची तहान भागवते आणि कालव्यांवाटे हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेतीला जाते. त्याची गरज कोणीही नाकारू शकत नाही. मात्र या व्यवस्थेत खुद्द नदीसाठी पाणी राखून ठेवलेले नाही. पावसाळ्यात धरणे भरली की सांडव्यावरून विसर्ग सोडला जातो; उरलेले आठ-नऊ महिने धरणाखालच्या पात्रात वरून येणारा प्रवाह जवळजवळ नसतो. नदीत त्या काळात जे वाहताना दिसते ते मुख्यतः वस्त्यांमधून आलेले सांडपाणी असते. नळावाटे शहरात गेलेले धरणाचे पाणी मलिन होऊन ओढ्यांच्या मार्गाने नदीत परत येते आणि त्यालाच नदीचा प्रवाह समजले जाते.

प्रदूषणाचे शास्त्र या परिस्थितीत महत्त्वाचे ठरते. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. त्यांना किती प्राणवायू लागेल याच्या मापाला जैवरासायनिक प्राणवायू मागणी, किंवा रूढ संक्षेपात बीओडी, म्हणतात. स्नानयोग्य पाण्यात ही मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी असा निकष आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांपैकी ५३ पट्टे, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, महाराष्ट्रातील होते, आणि मुठेची गणना बीओडी ३० मिलिग्रॅमच्या वर असलेल्या पहिल्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात झाली. नदीमध्ये घाण पचवण्याची नैसर्गिक शक्ती असते. उथळ जागी खडकांवरून खळाळताना हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळतो, वाळू व मुळांच्या जाळ्यावर वाढणारे जीवाणू सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करतात आणि वरून येणारे स्वच्छ पाणी उरलेल्या घाणीची तीव्रता कमी करते. मुठेच्या बाबतीत वरचे पाणी धरणात अडले, वाळू उपसली गेली आणि काठची वनस्पती भरावाखाली दबली. घाणीचे प्रमाण वाढत असतानाच ती पचवण्याची सामग्री काढून घेतली गेली. प्रदूषण आणि अधिवासनाश हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत, याचा हा पहिला पुरावा होय.

यावर दिले जाणारे प्रचलित उत्तर शुद्धीकरण प्रकल्पांचे आहे. पुणे महानगरपालिकेने विठ्ठलवाडी, एरंडवणे, भैरोबा नाला, नायडू रुग्णालय, मुंढवा आदी नऊ ठिकाणी मिळून दिवसाला ४७७ दशलक्ष लिटर क्षमतेचे प्रकल्प उभारले. त्यांपैकी कर्वेनगरच्या समोरच्या काठावरील विठ्ठलवाडीचा प्रकल्प ३२ दशलक्ष लिटरचा आहे. जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जसाहाय्याने २०१६ साली मंजूर झालेल्या सुमारे ९९० कोटी रुपयांच्या योजनेत ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचे आणखी ११ प्रकल्प आखले गेले. ही कामे आवश्यकच आहेत, आणि त्यांना झालेला विलंब नदीने व नदीखालच्या गावांनी सोसला आहे. तथापि साध्या अंकगणिताने त्यांची मर्यादा दाखवता येते. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे नियोजनात धरले जाते. जुनी आणि नवी क्षमता पूर्णपणे बेरजेत घेतली तरी ती ८७३ दशलक्ष लिटर होते, म्हणजे दिवसाला सुमारे १,०९० दशलक्ष लिटर, वर्षाला सुमारे १४ टीएमसी, पाणी वापरणाऱ्या शहराला ती पुरेल. पुण्याची धरणांतील उचल याहून अधिक आहे. शिवाय विंधनविहिरींचे आणि टँकरचे पाणीही शेवटी सांडपाणीच होते. शहराची वाढ अशीच चालू राहिली तर प्रकल्प पूर्ण होईपर्यंत गरज पुढे गेलेली असणार.

क्षमतेचा प्रश्न सुटला तरी दुसरी अडचण राहते. प्रकल्पापर्यंत मैलापाणी पोहोचण्यासाठी घरापासून प्रकल्पापर्यंत अखंड वाहिनी लागते. जेथे ती नाही, तुंबली आहे किंवा पावसाळी गटारात सोडली आहे, तेथे मैलापाणी ओढ्यात आणि ओढ्यातून थेट नदीत जाते. शुद्धीकरणात सेंद्रिय घाण बरीच कमी होते, परंतु नत्र व स्फुरद ही पोषकद्रव्ये काढण्याची वेगळी सोय नसेल तर ती पाण्यात शिल्लक राहतात, आणि संथ पाण्यात त्यांच्यावर जलपर्णी फोफावते. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील या वनस्पतीचा थर उन्हाळ्यात पात्र झाकून टाकतो, खालच्या पाण्याला प्रकाश व हवा मिळू देत नाही आणि डासांना आश्रय देतो. दरवर्षी ती यंत्राने काढली जाते आणि दरवर्षी परत येते, कारण तिला पोसणारी परिस्थिती, म्हणजे थांबलेले पोषकद्रव्ययुक्त पाणी, जागच्या जागी राहते. वाहत्या, सावलीच्या आणि स्वच्छ पाण्यात जलपर्णीला असे साम्राज्य उभारता येत नाही.

म्हणून लक्ष मुख्य पात्राकडून ओढ्यांकडे वळवणे अगत्याचे आहे. ओढा हा पाणलोटाचा खरा अवयव आहे; टेकडीवर पडलेले पाणी मुरत, झिरपत, थांबत नदीपर्यंत आणण्याचे काम तो करतो. कोथरूड-कर्वेनगर परिसराच्या वाढीत मात्र त्याला नाला मानले गेले, नंतर त्याला सीमाभिंती बांधल्या गेल्या, कोठे तो वळवला गेला आणि कोठे त्यावर स्लॅब टाकून वाहनतळ किंवा रस्ता केला गेला. झाकलेल्या ओढ्यात कोणी मैलापाणी जोडले हे दिसत नाही आणि दिसत नसल्यामुळे त्याची दादही लागत नाही. दुसरीकडे टेकडीउतारावरील काँक्रीट, डांबर आणि फरशा यांमुळे पाणी मुरण्याची वाट बंद होते; पूर्वी काही तासांत पसरून येणारा प्रवाह थोड्या मिनिटांत लोंढ्यासारखा येतो, आणि पावसाळा संपताच ओढा कोरडा पडतो किंवा गटार बनतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तो ओढा मुठेच्या दुसऱ्या काठाचा असला, तरी अरुंद केलेले पात्र आणि बांधलेला उतार ही त्यामागची कारणे कर्वेनगरच्या बाजूलाही तितकीच लागू आहेत.

खडकवासला आणि कर्वेनगर यांच्यामधील भूभागात हीच प्रक्रिया आज अधिक वेगाने चालू आहे. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महानगरपालिकेत आली. त्यांत शिवणे, धायरी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला यांसारखी मुठेच्या पाणलोटातील गावे होती. येथे इमारती आधी आल्या आणि मैलापाणी वाहून नेणारी व्यवस्था मागे राहिली. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी व सिंहगड रस्ता या पट्ट्यात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, आणि अनेकदा त्याआधी आतड्यांचा संसर्ग झालेला असतो. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा जीवाणू सापडला. नदीचे आरोग्य आणि माणसांचे आरोग्य यांचा संबंध सांगण्यासाठी याहून कठोर उदाहरण शोधण्याचे कारण नाही. ज्या भूभागात मैला आणि पिण्याचे पाणी एकमेकांपासून दूर ठेवण्याची व्यवस्था नसते, तेथे नदी बिघडण्यापूर्वीच विहीर बिघडलेली असते.

आता जागेचा विचार करावा. नदीची जागा म्हणजे उन्हाळ्यात पाणी असते तेवढीच पट्टी नव्हे. पुरात पाणी जेथपर्यंत पसरते ती सारी भूमी नदीचीच असते. महाराष्ट्रात यासाठी दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती नील रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नील रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आहे आणि दोन रेषांच्या दरम्यान ते अटींवर करता येते. मुठेच्या शहरातील पट्ट्यासाठी या रेषा अनुक्रमे ६० हजार आणि एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, विसर्ग गृहीत धरून आखल्या आहेत. धरणांमुळे पात्र वर्षातील बहुतेक काळ रिकामे राहू लागल्यावर या रेषांचे भान सुटत गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यावर आलेल्या संकटाची आठवणही त्या भानाला टिकवू शकली नाही. विठ्ठलवाडीपासून महामार्गाच्या वळणरस्त्यापर्यंत नदीपात्रातून रस्ता काढण्याचे काम सुरू झाले. त्यासाठी नील रेषेच्या आत टाकलेल्या भरावाविरुद्ध नागरिकांना राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले आणि लवादाने २०१३ साली त्यांच्या बाजूने निर्णय दिला. म्हात्रे पूल ते राजाराम पूल यांच्या दरम्यानच्या डीपी रस्त्यालगत नदीच्या बाजूला मंगल कार्यालये व लॉन्स उभी राहिली, आणि शहरातील बांधकामांचा राडारोडा रात्रीच्या वेळी काठावर ओतून जमीन वाढवण्याचा उद्योग अनेक ठिकाणी चालत राहिला.

या अतिक्रमणाची किंमत २५ जुलै २०२४ रोजी पहाटे दिसून आली. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग सुरू असताना, त्यात धरणाखालच्या पाणलोटातील मुसळधार पावसाचे पाणी मिसळून, सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीसारख्या वसाहतींत पाणी शिरले आणि झोपेतून उठलेल्या रहिवाशांना बाहेर काढण्यासाठी होड्या आणाव्या लागल्या. नील रेषेसाठी गृहीत धरलेला ६० हजार क्युसेकचा विसर्ग धरणातून झालेला नसतानाही हे घडले. याचे अर्थ दोनच संभवतात. एक तर नकाशावरची रेषा जमिनीवर पाळली गेली नाही, किंवा भरावामुळे व अडथळ्यांमुळे पात्राची वहनक्षमता इतकी घटली की जुनी रेषाच अपुरी ठरली. दोन्ही अर्थ एकाच निष्कर्षाकडे नेतात. नदीची काढून घेतलेली जागा माणसाची होत नाही. ती उसनी असते, आणि तिची परतफेड त्या जमिनीतून नफा मिळवणाऱ्याऐवजी बहुधा तेथे आयुष्यभराची बचत घालून घर घेणाऱ्याला करावी लागते.

जागा गेली की तिच्यावर अवलंबून असलेले जीव जातात, आणि येथे मुठेच्या खोऱ्याला एक वेगळा मान आहे. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांविषयीचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात आज डेक्कन महाशीर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे, आणि ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून केलेले आहे. त्यानंतर एका शतकाने, १९४२ साली, ए. जी. एल. फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची सूची केली आणि पुढील पिढ्यांतील पुणेकर प्राणिशास्त्रज्ञांनी ही परंपरा चालवली. त्यामुळे शहरातील नदीत पूर्वी काय होते आणि आता काय उरले आहे याची तुलना करता येते. महाशीराला खोल डोह, त्यांना जोडणारे वाहते उथळ पाणी, भरपूर प्राणवायू आणि पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर जाण्यासाठी मोकळी वाट लागते. शहरातील पट्ट्यात यांपैकी एकही गोष्ट उरलेली नाही. मरळ, वाम, शिंगाळा यांसारख्या देशी माशांच्या जागी घाण पाण्यात तग धरणारी परदेशी चिलापी वाढते. लोणावळ्याजवळ वळवणच्या मत्स्यबीज केंद्रात महाशीराची पिल्ले टाक्यांमध्ये वाढवून जलाशयांत सोडली जातात. परंतु ज्या नदीने शास्त्राला या माशाची ओळख करून दिली त्या नदीच्या शहरी पात्रात ती सोडण्यात काही अर्थ नाही. टाकीत वाढवता येतो तो मासा; त्याचा अधिवास टाकीत वाढवता येत नाही.

नदीत पक्षी दिसतात, म्हणजे तिची प्रकृती इतकी वाईट नसावी, असा एक युक्तिवाद कधीकधी केला जातो. तो तपासून पाहिला पाहिजे. शेकाट्या हा लांब गुलाबी पायांचा पक्षी मैलापाण्याच्या गाळातील अळ्या खातो आणि पाणी बिघडते तशी त्याची संख्या वाढू शकते, घारींचेही तसेच. उलट नदी सुरय या पक्ष्याला घरट्यासाठी पात्रातील निर्धोक वाळूची किंवा खडकाळ बेटे लागतात, आणि खंड्याला बीळ खणण्यासाठी मातीचा उभा काठ व नितळ पाण्यात दिसणारा मासा लागतो. म्हणून पक्ष्यांच्या थव्यांवरून निष्कर्ष न काढता त्यांच्यात कोणत्या जाती आहेत आणि कोणत्या नाहीत हे पाहिले पाहिजे. हाच निकष वनस्पतींनाही लावावा लागतो. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ यांचे काठवन मुळांनी माती धरून ठेवते, पाण्यावर सावली धरते आणि टेकडीपासून नदीपर्यंत प्राण्यांना ये-जा करण्याचा मार्ग देते. त्याच्या जागी उगवलेली बेशरमीची झुडपे किंवा उद्यानातील शोभेची झाडे हिरवी दिसली तरी यांतील एकही काम तितक्या समर्थपणे करीत नाहीत.

अधिवास परत येऊ शकतो, हेही याच परिसरात सिद्ध झाले आहे. वारज्याच्या टेकडीवर वन विभागाने नागरिकांच्या व संस्थांच्या साहाय्याने सुमारे १६ हेक्टर उजाड जमिनीवर शहरी वन उभे केले, आणि २०२० साली जागतिक पर्यावरणदिनी केंद्र सरकारने नगरवन योजना जाहीर करताना त्याचा आदर्श म्हणून उल्लेख केला. पुण्याच्या विकास आराखड्यात टेकड्यांवरील ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्याचा निर्णयही याच दिशेचा होता. टेकडी हा बेसॉल्टच्या भेगांमधून पाणी मुरण्याचा प्रदेश आहे. तिच्यावरील मातीचा थर आणि झाडोरा टिकला तर ओढ्याला पावसाळ्यानंतरही काही काळ स्वच्छ पाणी मिळते. मात्र टेकडीवरचे वन आणि पात्रातले पाणी यांना जोडणारा ओढा जोवर स्लॅबखाली आहे, तोवर ते वन बेटासारखे एकाकी राहील आणि त्याचा लाभ नदीपर्यंत पोहोचणार नाही.

या सर्व प्रतिपादनाला एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि त्याची दखल घेणे न्याय्य आहे. पुणे वाढत आहे, लोकांना घरे हवीत, कर्वे रस्ता आणि सिंहगड रस्ता यांवरील वाहतूक असह्य झाली आहे, आणि शहराच्या मध्यातून जाणारा मोकळा पट्टा वापरू नये हा आग्रह सुखवस्तू लोकांचा आहे, असे म्हटले जाते. गरज खरी आहे. परंतु पूरमैदानात बांधलेले घर किंवा रस्ता ती गरज भागवत नाही, तर पुढे ढकलून अधिक महाग करतो. पूर, आजार, पाण्याची टंचाई आणि जलपर्णी काढण्याचा वार्षिक खर्च हा सगळा त्या स्वस्त वाटलेल्या जमिनीच्या किमतीत मिळवला पाहिजे. शिवाय या खर्चाचा सर्वाधिक भार पूररेषेजवळच्या वस्त्यांवर आणि नदीखालच्या गावांवर पडतो, हे पाहता नदीची जागा राखण्याचा आग्रह हाच दुर्बलांच्या हिताचा ठरतो.

दुसरा आक्षेप असा की, नदीकडे दुर्लक्ष झाले म्हणूनच ती गटार बनली. काठ बांधून, पायवाटा व घाट करून लोकांना नदीजवळ आणले तर ती आपोआप सुधारेल. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झालेला मुळा, मुठा व मुळा-मुठा यांच्या सुमारे ४४ किलोमीटर काठांचा विकास प्रकल्प याच विचारावर उभा आहे आणि त्याचे स्फूर्तिस्थान अहमदाबादचा साबरमती काठ आहे. लोकांना नदीजवळ आणण्याचा हेतू चांगलाच आहे. मात्र साबरमतीच्या त्या भागात दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेले आहे, आणि मुठेसाठी तसे दुसऱ्या नदीचे पाणी उपलब्ध नाही. पात्रात बंधारे घालून पाणी अडवले तर ते ओढ्यांतून आलेले पाणीच असेल, आणि साचलेल्या पोषकद्रव्ययुक्त पाण्यात जलपर्णी व डास वाढतील. काठाला बांध घातल्याने पुराचा वेग वाढून संकट खालच्या वस्तीकडे सरकू शकते. शिवाय बांधलेल्या काठावर काठवन उगवत नाही. योग्य क्रम आधी पाणी, मग जागा आणि सर्वांत शेवटी सुशोभन हा असताना तो उलटा लावणे ही या विचारातील मूलभूत चूक आहे.

योग्य क्रमाचे उदाहरण जगात आहे. म्युनिक शहराने इसार नदीच्या सुमारे आठ किलोमीटर पट्ट्यात २००० ते २०११ या काळात जे काम केले, त्यात काठांचे जुने काँक्रीट काढून पात्र रुंद केले गेले, नदीला स्वतःची वाट बदलू देणारे गोट्यांचे उथळ किनारे पुन्हा निर्माण झाले, जलविद्युतीसाठी वळवलेल्या पाण्यातील अधिक हिस्सा नदीत सोडला गेला आणि वरच्या भागातील सांडपाण्याच्या निर्जंतुकीकरणावर भर दिला गेला. या कामातून पूरसुरक्षा वाढली, मासे परतले आणि नागरिकही नदीत उतरू लागले. मुठा ही मोसमी पावसावर वाहणारी दख्खनची नदी आहे आणि आल्प्समधील नदीची नक्कल तिला लागू पडणार नाही; परंतु नदीला पाणी आणि जागा दिली की तिच्या काठी येण्यासाठी लोकांना वेगळे आमंत्रण लागत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

पाणलोट हे एकक मानले तर काय करावे लागेल, हे कर्वेनगरपुरते तरी स्पष्टपणे सांगता येते. टेकडीपासून नदीपर्यंत प्रत्येक ओढ्याची जुन्या महसुली नकाशांच्या आधारे मोजणी करून त्याचे पात्र निश्चित करावे लागेल आणि त्यात उघडणारी मैलापाण्याची प्रत्येक जोडणी शोधून बंद करावी लागेल. पावसाळी गटार आणि मैलावाहिनी या दोन व्यवस्था प्रत्यक्षात वेगळ्या कराव्या लागतील. मोठ्या सोसायट्यांनी आपले सांडपाणी तेथेच शुद्ध करून बागेसाठी व स्वच्छतागृहांसाठी वापरले तर धरणातील उचलही घटेल आणि नदीतील घाणही. अशा बचतीतील एक ठरावीक हिस्सा उन्हाळ्यात खडकवासल्यातून नदीत सोडण्याचे बंधन जलसंपदा विभागावर असले पाहिजे. नाहीतर वाचवलेले पाणी नव्या इमारतींकडे जाईल आणि नदीची तहान तशीच राहील. नील रेषा जमिनीवर खांब रोवून दाखवली पाहिजे आणि २०२४ च्या पुराचा अनुभव घेऊन तिची फेरतपासणी झाली पाहिजे. पात्रातील भराव काढून तेथे देशी वनस्पतींना स्वतः उगवू दिले पाहिजे.

या कामात अडथळा ज्ञानाचा नाही. १९१६ साली सुरू झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्यालाच आहे. प्रकाश गोळे यांनी स्थापलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने १९८० च्या दशकापासून पुण्याच्या नद्यांच्या परिसंस्थेचा अभ्यास केला. ॲक्वाडॅम ही पुण्यातील संस्था भूजलावर काम करते. जीवितनदी या संस्थेचे कार्यकर्ते विठ्ठलवाडीचा काठ दत्तक घेऊन लोकांना नदीची ओळख करून देत आले आहेत. अडथळा अधिकारांच्या विभागणीचा आहे. धरण जलसंपदा विभागाकडे, शहरातील ओढे व मैलापाणी महानगरपालिकेकडे, वरची गावे २०१५ साली स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कक्षेत, टेकडीचा काही भाग वन विभागाकडे आणि पाण्याची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. प्रत्येकाने आपले काम नियमाप्रमाणे केले तरी पाणलोटाची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. नदीकाठच्या उद्योगांवर बंधने घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ साली रद्द झाल्यावर ही पोकळी अधिक वाढली. म्हणून मुठेच्या संपूर्ण पाणलोटासाठी या सर्व यंत्रणांना बांधील करणारे, दौंड, इंदापूर व सोलापूरच्या प्रतिनिधींनाही स्थान देणारे आणि आपले मोजमाप दरमहा जनतेपुढे ठेवणारे एक वैधानिक मंडळ आवश्यक आहे.

खालच्या लोकांना स्थान देण्याची गरज विशेष आग्रहाने सांगितली पाहिजे. पुण्याचे सांडपाणी उजनीत जाते, आणि उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. त्याच जलाशयाच्या काठी भिगवणला रोहित पक्षी उतरतात आणि मासेमारीवर अनेक कुटुंबे जगतात. वरच्या गावांनी आपल्या जमिनी धरणांखाली दिल्या म्हणून पुण्याला पाणी मिळाले, आणि खालच्या गावांनी आपल्या नदीत घाण सोसली म्हणून पुण्याला ती विसरता आली. या दोन ऋणांची जाणीव ज्या शहराला असेल त्याने नदीविषयीची प्रत्येक योजना एकाच कसोटीवर तपासावी. योजना पूर्ण झाल्यावर एप्रिल महिन्यात राजाराम पुलाखाली आजच्यापेक्षा अधिक आणि अधिक स्वच्छ पाणी वाहणार आहे काय, आणि जुलै महिन्यात त्या पाण्याला पसरण्यासाठी आजच्यापेक्षा अधिक रुंदी मिळणार आहे काय? ज्या योजनेचे उत्तर दोन्ही बाबतीत होकारार्थी असेल तिच्यावर कितीही खर्च झाला तरी तो सार्थकी लागेल. ज्या योजनेला हे उत्तर देता येत नाही ती थांबवण्याचा अधिकार कर्वेनगरच्या रहिवाशाइतकाच सोलापूरच्या रहिवाशालाही असला पाहिजे.